एकावर एक फरशी आणि हरवलेलं उखळ

आमच्या आतल्या खोलीत भिंतीतला एक कोनाडा आहे. तो पोटरीच्या उंचीवर आहे. नवीन पाहुण्याला वाटतं, मांजरासाठी केला असेल. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा तो माझ्या कमरेच्या वर होता आणि संध्याकाळी त्यात दिवा लागायचा. कोनाडा जागचा हललेला नाही. आम्हीच वर चढत गेलो.

त्याचं असं आहे. शिरूरच्या जुन्या पेठेत अगदी रस्त्याला लागून आमचं घर. खेड्यातली म्हातारी माणसं गावाला अजून घोडनदीच म्हणतात. तर इथला रस्ता दर काही वर्षांनी जाड होतो. जुनं डांबर कुणी काढत नाही, त्याच्यावरच नवं ओततात. मग पावसाळ्यात रस्त्याचं पाणी आमच्या उंबऱ्यावरून सरळ आत. मग आम्ही मुरूम टाकून आतली जमीन उचलायची आणि वर नवी फरशी बसवायची. जुनी उखडायचे कष्ट कोण घेणार? तिच्याच डोक्यावर नवी. तेवढ्यात रस्ता पुन्हा वर. अशी आमची आणि रस्त्याची शर्यत मी आल्यापासून चालू आहे, आणि आजवर कुणी हरलेलं नाही.

दर फरशीला दार खालून कापलं जातं. माझे सासरे याच दारातून फेट्यासकट ताठ आत यायचे. आता माझा मुलगा रांजणगावच्या कंपनीतून घरी येताना रोज वाकतो. समोरच्या बाईला वाटतं, काय वळण आहे पोराला, घराला नमस्कार केल्याशिवाय आत पाऊल टाकत नाही.

नातीचं लग्न ठरलं आणि सूनबाईनं सगळ्यात वरची फरशी घातली. पांढरीशुभ्र, आरशासारखी. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिला तीच हवी होती. पण दर वेळी आधी दुसराच काही तरी खर्च निघायचा. एकदा माझा गुडघा निघाला. लेकीच्या लग्नाच्या निमित्तानं एकदाची बसली फरशी, आणि तेव्हापासून सूनबाई तिच्यावरून चालेना, तरंगायलाच लागली. सगळ्यांची पायताणं रस्त्यावर. सिलेंडरवाल्यानं सिलेंडर टेकवायचा नाही, बाळासारखा उचलून ओट्यापाशी न्यायचा. मी काठी टेकली की ती मला काही बोलायची नाही, काठीला बोलायची. "जरा हळू गं बाई," असं काठीला.

मला आतून हसू फुटायचं. कारण हा सगळा वेडेपणा मी आधीच करून बसले आहे, आणि हिच्यापेक्षा बराच वरच्या दर्जाचा केला आहे.

लग्नाला थोडे दिवस उरले होते तेव्हा माझ्या वन्सं आल्या. वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. दौंड तालुक्यात खुटबावला दिल्या आहेत. चौफुल्यावरून न्हावऱ्यामार्गे जीपनं आल्या, मांडीवर वांग्यांची पाटी घेऊन. नव्या फरशीवर बूड टेकायच्या आत त्यांनी विचारलं, "हळद कुठं फोडायची?"

नात मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाली, "आत्याआजी, पॅकेट आणलंय. ऑरगॅनिक."

"पाकिटातली हळद आमटीत घालत्यात. पोरीच्या अंगाला घरच्या उखळातली लागती. माझी ह्याच घरातल्या उखळात फोडली. माझ्या आत्याचीबी. उखाळ कुठं हाय?"

सूनबाईनं माझ्याकडं पाहिलं. मी वर पंख्याकडं पाहिलं. तो आता फार लांब राहिलेला नाही.

खरं तर वन्संनंतर या घरातून मुलगीच सासरी गेली नव्हती. मला एक मुलगाच. त्याच्या लग्नात सगळं कार्यालयात उरकलं, आणि उखळात हळद फोडली नाही म्हणून वन्सं आल्याच नव्हत्या. या खेपेलाही त्या वांग्यांची पाटी उचलून परत निघाल्या असत्या. म्हणून मी छाती पुढं काढून म्हणाले, "मला पक्कं ठाऊक आहे कुठं आहे ते. या फरशीच्या खाली."

सूनबाईचा चेहरा फरशीपेक्षा पांढरा झाला.

आता ते उखळ फरशीखाली कसं गेलं, हे सांगायला हवं. त्यासाठी मला एका अतिशय शहाण्या मुलीची ओळख करून द्यावी लागेल. ती मीच.

मी आले तेव्हा घराची जमीन शेणानं सारवलेली होती, आणि काळ्या दगडाचं ते उखळ जमिनीत पुरलेलं, फक्त तोंड वर. माझं माहेर केडगावचं. आमच्या घरात माणसं आणि म्हशी यांच्यामध्ये एक तट्ट्या असायचा, तोही म्हशींनी खाल्लेला. पण पेठेतल्या घरात आल्यावर मी ठरवलं की आपण नाजूक आहोत. शेणाचा वास आला की मी पदर नाकाला लावायची आणि बारीक खोकायची. हा खोकला मी मोरीत उभी राहून बसवला होता. सासूबाईंनी काही दिवस ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "केडगावला काय गुलाबाच्या पाण्यानं सारवीत हुता व्हय गं?"

पण यांना माझी दया आली. पुरुषांना खोकल्याची येतेच. शहाबादी फरशी आली. सासूबाईंनी एकच अट घातली, उखळाचं तोंड बुजवायचं नाही. म्हणून तिथं चौकोन मोकळा सोडला आणि वर लाकडी झाकण टाकलं. मी पहिल्या आठवड्यातच त्या झाकणाला अडखळून डाळीच्या पातेल्यासकट आडवी झाले, आणि त्या दिवसापासून उखळाची आणि माझी दुष्मनी.

पुढं रस्ता वाढला, पाणी आलं आणि मी मोझॅकचा हट्ट धरला. हिरव्या मोझॅकला कडेनं लाल पट्टा आणि मधोमध फूल, असा नकाशा मीच कागदावर काढला होता. उखळ नेमकं लाल पट्ट्यात येत होतं. सासूबाई तेव्हा वन्संच्या बाळंतपणाला खुटबावला गेल्या होत्या. मी गवंड्याला सांगितलं, आत राख-वाळू भरा आणि वरून घ्या सपाट.

घासायच्या मशिननं पेठेचे कान किटवले आणि जमीन गुळगुळीत झाली. मी यांना दुकानातून ओढत आणलं. पुढच्या खणात आमचं पेंड-भुशाचं दुकान होतं. म्हटलं, "वाका ना, बघा, माझा चेहरा दिसतो." हे वाकले, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "मला सरकी दिसतीय."

सासूबाई परत आल्या. दारातून आत येऊन त्यांनी पायानं जागा चाचपली. इकडं चाचपली, तिकडं चाचपली.

"उखाळ कुठं गेलं?"

"आहे की जागेवरच. फक्त दिसत नाही," मी म्हणाले.

"देवबी तसाच असतोय," त्या म्हणाल्या, "पर त्याच्यात मिरच्या कांडाय येत न्हाईत."

तर अशी ही सगळ्या घराला माहीत असलेली गोष्ट. प्रश्न एवढाच होता की उखळ नक्की कुठल्या चौकोनाखाली, आणि सांगायला आता हे राहिले नव्हते. मला अगदी स्पष्ट आठवत होतं: दारातून आत आलं की डाव्या हाताला, सागवानी खांबाच्या पायाशी. वन्संनाही तेच आठवत होतं. आम्हा दोघींचं एकमत व्हावं असा हा पहिलाच प्रसंग. खरं तर तिथंच शंका यायला हवी होती.

सूनबाई तासभर फरशी पुसत राहिली. मग येऊन उभी राहिली. तिच्या लेकीचं लग्न, त्यात आत्या रुसून जायला नको, हेही तिला कळत होतं. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज तहसीलदाराचा.

"एक फरशी. एकच. आई, तुम्ही बोट ठेवाल ती. त्याखाली नसेल तर विषय संपला. आत्या, कबूल?"

"कबूल," वन्सं म्हणाल्या. त्या लगेच कबूल होतात तेव्हा त्यांनी ऐकलेलं नसतं.

ज्यानं फरशी बसवली होती त्याच राजस्थानी पोराला बोलावलं. त्याचा जीव आमच्या सूनबाईइतकाच त्या फरशीत. "माताजी, अभी तो लगाया था," तो म्हणाला. मग माझ्या बोटाकडं पाहून, "पक्का इधर ही है ना?"

"शंभर टक्के," मी म्हणाले. माझं हिंदी पेंडवाल्यांशी बोलून तयार झालेलं आहे, पण त्या वेळी मराठीच निघालं.

सूनबाईनं चहूबाजूंनी जुन्या चादरी अंथरल्या. नात व्हिडिओ काढायला उभी राहिली आणि म्हणाली, "आजी, हे म्हणजे खरंखुरं उत्खनन आहे." कटर फिरला, फरशी निघाली. खाली मी मधे हट्टानं घातलेली कोटा फरशी, मुरूम आणि मग माझं हिरवं मोझॅक. इतक्या वर्षांनी त्याला बघून मला भरून आलं, आणि लगेच लाज वाटली, कारण ते शेवाळासारखं दिसत होतं. मी यासाठी अन्न सोडलं होतं! (दुपारचंच. रात्री जेवले होते.) त्याखाली मुरूम, मुरमाखाली शहाबादी, शहाबादीखाली माती. घराचं पोट फाडल्यासारखं सगळं थराथरानं दिसत होतं आणि प्रत्येक थरात माझा एक एक हट्ट चापून बसवलेला.

मातीत लोखंडाचा गंजका तुकडा निघाला. नात ओरडली, "नाल! इथं इंग्रजांची छावणी होती ना? साहेबाच्या घोड्याचा असणार!"

वन्संनी तो उलटा-पालटा केला. "बैलाच्या खुराची पत्री हाय ही. सायब काय बैलावर बसून यायचा?"

उखळ मात्र नव्हतं. पहार सगळीकडं मऊ जात होती.

"तर मग विषय संपला," सूनबाई म्हणाली.

"शेजारच्या फरशीखाली आसंल," वन्सं म्हणाल्या. "वाईच इकडं. भैया, हितं लाव."

त्या बिचाऱ्यानं कटर उचलला आणि सूनबाई चटकन त्या शेजारच्या फरशीवर जाऊन उभी राहिली. दोन्ही पाय जुळवून, अगदी मधोमध.

"आधी मला कापा."

"मंग मीबी हितनं हालत न्हाई," म्हणून वन्संनी खड्ड्याच्या काठाशी फतकल मारली आणि पाय आत सोडले. "हळद न्हाई तर लगीन न्हाई."

"आत्या, तुम्ही कबूल झाला होता!"

"कवा?"

नात म्हणाली, "मी एक सुचवू का? मिक्सर." दोघी एकदम तिच्यावर ओरडल्या. मी बाजूला खुर्चीत बसून दोघींकडं बघत होते. एक हट्टी, दुसरी हट्टी, आणि दोघींना या जागी आणून बसवणारी तिसरी सगळ्यांत हट्टी. आपण गप्प बसावं हे मला त्या वेळी सुचलं, जे मला सहसा सुचत नाही.

वन्सं रागारागानं खड्ड्यातली माती उकरत होत्या. उकरता उकरता थांबल्या. चिमूट उचलली, बोटांत चोळली, हुंगली.

"राख हाय ही."

"असेल. मीच राख भरली होती," मी म्हणाले.

"तू उखळात भरलीस. ही भुईतली हाय. आन् माती बघ, भाजून लाल झालीया. वयनी, ही चूल हाय."

मी वाकून पाहिलं. चूलच होती. तिच्या बाजूला लहान गोल खळगा, जिथं दुधाचं भांडं ठेवायचो तो वैलही. या चुलीपुढं मी कितीतरी भाकरी जाळल्या होत्या, म्हणून ओळखायला वेळ लागला नाही.

"पण चूल स्वयंपाकघरात होती," मी म्हणाले. "आणि उखळ ओसरीत, स्वयंपाकघराच्या पुढं."

"व्हय."

"म्हणजे आपण आता स्वयंपाकघरात आहोत."

"मंग वसरी कुठं गेली?"

तिघींनी एकदमच माना वळवून दाराकडं पाहिलं. दाराबाहेरून एक मोटारसायकल भुर्रकन गेली. आमच्या ओसरीतून.

मग मला सगळं आठवलं. मागं रस्ता रुंद केला तेव्हा दुकान आणि ओसरी दोन्ही गेली. मी त्या काळात आईच्या आजारपणात केडगावला जाऊन राहिले होते. परत आले तर यांनी सगळं व्यवस्थित लावून ठेवलेलं: तेच दार, तोच उंबरा, तोच सागवानी खांब, सगळं जसंच्या तसं मागं नेऊन बसवलेलं. दुकान पलीकडच्या गल्लीत हलवलंय एवढं ते म्हणाले, तेवढं माझ्या लक्षात राहिलं. घर मात्र जरा आखडल्यासारखं वाटत होतं. कुठंही वळले की कशाला तरी धक्का लागायचा. आता शहाण्या माणसाला काय वाटेल? मला वाटलं, माहेरी खाऊन मी जाड झाले. मी भात सोडला, गूळ सोडला, आरशापुढं आडवी-उभी होऊन बघायची. यांनी विचारलं, जेवत का नाहीस? मी म्हटलं, घरात मावत नाही. ते बिचारे म्हणाले, "व्हय, मलाबी होतंय तसं," आणि पुढं काही बोलले नाहीत. त्यांना वाटलं मी ओसरीबद्दल बोलतेय.

हे मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा सूनबाई फरशीवरून उतरली, पायात चप्पल न घालता धावत रस्त्यावर गेली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "इथं फोडा! काय फोडायचं ते इथं फोडा! भैया, सगळा रस्ता घे!"

एवढं करायची गरज पडली नाही. पायरी आणि गटार यांच्यामध्ये सिमेंटचे ब्लॉक बसवलेले आहेत, ते उचलून परत बसवता येतात. काही ब्लॉक काढले, पहार घातली, मऊ. अजून काढले, थोडं पुढं. खोलात पहार ठण्ण वाजली आणि वन्संनी रस्त्यातच हात जोडले. उखळाच्या तोंडावर माझ्या हिरव्या मोझॅकचं टोपण तसंच्या तसं होतं, लाल पट्ट्यासकट. भैयानं ते छिन्नीनं फोडलं, राख-वाळू उपसली, आणि सूनबाईनं स्वतः खड्ड्यात उतरून नारळाच्या काथ्यानं उखळ घासलं. लादी पुसतानाही तिचा हात इतका चालताना मी पाहिलेला नाही. उखळ वर काढायचा प्रयत्न झाला, पण ते म्हशीसारखं बसून होतं, हलायचं नाव नाही.

"ऱ्हाऊ द्या," वन्सं म्हणाल्या. "ते जागेवरच हाय. सरकलो आपुन."

म्हणून आमच्या नातीची हळद रस्त्यावर फुटली. खड्ड्याभोवती बायकांचं कोंडाळं, एका बाजूला गटार, दुसऱ्या बाजूला वाहनं. मुसळ घरात होतं, मागच्या दाराला अडसर म्हणून लावलेलं. त्याला आंब्याचा डहाळा बांधला. पण उखळ खाली खोल, आणि मुसळ पुरेना. शेवटी वन्संनी सूनबाईलाच खड्ड्यात उतरवलं आणि बाकीच्यांनी वरून मुसळाला नुसते हात लावले. वन्सं माझ्याकडं बघून म्हणाल्या, "गुडघं हायेत म्हनून खुर्चीत बसलीस. न्हाईतर पयला घाव तुलाच घालाय लावला असता."

तेवढ्यात कांद्याचा पिकअप येऊन अडला. ड्रायव्हरनं मान बाहेर काढली. "मावशे, पाइपलाइन फुटली का?"

"न्हाई रं, लगीन हाय!"

"खड्ड्यात?"

"तुजंबी तितंच हुनार हाय, थांब वाईच!"

तो खाली उतरला आणि हसत उभा राहिला. मागं अजून दोन गाड्या थांबल्या. एकानं हॉर्न दिला, त्याला पिकअपवाल्यानंच दम भरला. हळकुंडं फुटली, पूड झाली, थाळ्यात तेल-पाण्यात कालवली, आणि मग बायकांना चेव आला. एकीनं दुसरीच्या गालाला लावली, तिसरीनं चौथीच्या, आणि त्या धांदलीत थाळा लवंडला तो खड्ड्यातून वर येणाऱ्या सूनबाईच्या पायांवर.

नेमका आत तिचा फोन वाजला. कार्यालयवाल्याचा असणार, सकाळपासून ती त्याचीच वाट बघत होती. ती तशीच धावली.

मग आतून किंचाळी.

"आई! फरशीवरून कोण गेलं?"

दारातून मला दिसत होतं. उंबऱ्यापासून थेट टेबलापर्यंत पिवळीधमक पावलं, एकेक बोट मोजून घ्यावं अशी. फोन वाजून वाजून बंद झाला. बाहेर सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

"मी," मी म्हणाले.

सूनबाईनं माझ्या पायांकडं पाहिलं. मी खुर्चीत, पायात नातीनं दिलेले करडे मोजे, कोरडे ठणठणीत. मग तिनं हळूच खाली स्वतःच्या पायांकडं पाहिलं. ती टेबलापाशी, बरोबर हॉलच्या मध्यावर उभी होती. एक पाय तिनं लगेच वर उचलला.

"आता मी बाहेर कशी येऊ?"

"आलीस तशीच ये," मी सांगितलं. "पाठमोरी. त्याच पावलांवर पाय ठेवत."

तिनं साडी गुडघ्यापर्यंत वर धरली, मान वळवून मागं बघत पहिलं पाऊल अचूक पिवळ्यावर टेकलं आणि हसायला लागली. हसता हसता तिचा तोल जायला लागला. "हसू नकोस, घसरशील, सरळ ये," वन्सं दारातून ओरडल्या, आणि त्यांच्या खांद्यावरून पिकअपवाला, "डावीकडं, ताई, अजून डावीकडं, येऊ द्या, येऊ द्या," अशी हातानं खूण करत तिला मागं घेत होता.